गंधार पाठवायचा की नाही

बारावीच्या वर्षात, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, मी अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज भरायला घेतले. शिकायचं होतं भौतिकशास्त्र. त्यात माझ्या गाण्याचा संबंध कुठे येईल असं मला वाटलंच नव्हतं. पण बहुतेक कॉलेजांच्या यादीत तळाशी एक ओळ असायची: कलेचे नमुने, ऐच्छिक. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी रेकॉर्डिंग पाठवलं तर चालेल, नाही पाठवलं तरी अर्जाचं काही बिघडणार नाही. त्या एका 'ऐच्छिक' शब्दात माझे पुढचे तीन महिने गेले. कसे गेले ते सगळं लिहून ठेवतेय, कारण त्या वेळी मला हे मराठीत सांगणारं कुणी भेटलं नाही.

आमचं घर मिरजेत. बाबा रेल्वेत, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळेत जाता-येता तंतुवाद्यांची दुकानं लागायची, दारात भोपळे वाळत पडलेले असायचे. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी इकडे वसतिगृहात होते आणि आईला फोन करून रडले होते.) आठव्या वर्षापासून मी बाईंकडे ख्याल, म्हणजे शास्त्रीय गाणं, शिकत होते. बाई किराणा घराण्याच्या. मिरजेत त्याचं कुणाला नवल नाही. त्या घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, इथल्या दर्ग्यापाशी त्यांची कबर आहे आणि उरुसाला गवई येऊन तिथे गाऊन जातात. लहानपणी आम्ही शिष्या पहिल्या रांगेत मांडी घालून बसायचो आणि मध्यरात्रीपर्यंत पेंगत पेंगत ऐकायचो.

पैशांचं आधीच सांगते, कारण पुढचा सगळा विचार त्याच्याभोवती होता. आम्हाला पूर्ण आर्थिक मदत लागणार होती. परदेशी मुलाचा अर्ज वाचताना त्याला मदत किती लागेल हे अजिबात न बघणारी कॉलेजं फार थोडी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही त्यातली. त्याच वर्षी डार्टमथ आणि बोडन त्यांत आली. बाकी ठिकाणी तुम्हाला किती पैसे लागणार हे निवडीच्या वेळी बघितलं जातं. म्हणजे पूर्ण मदत मागणाऱ्या मुलीने आपल्याकडे जे काही आहे ते सगळं टेबलावर मांडावं, असं कुणालाही वाटणार. मलाही तसंच वाटत होतं.

शिवाय आपली सवय. शाळेच्या पेपरात ऐच्छिक प्रश्न आला की हुशार मुलगी तो सोडवतेच. सोडला तर शिक्षक विचारतात, वेळ उरला नाही का? त्याच डोळ्यांनी मी ती ओळ वाचत होते.

अर्ज कॉमन अ‍ॅपवर भरायचा. ही सोय १९७५ मध्ये पंधरा कॉलेजांनी मिळून सुरू केली, आता हजारावर कॉलेजं त्यात आहेत. एकच अर्ज भरायचा आणि हव्या त्या कॉलेजांना पाठवायचा. त्यात तुम्ही अभ्यासाबाहेर काय करता यासाठी दहा जागा असतात आणि प्रत्येक जागेत वर्णनाला दीडशे अक्षरं. अक्षरं हं, शब्द नाहीत. नऊ वर्षांचा रियाज दीडशे अक्षरांत बसवताना मला खरंच रडू आलं. 'हिंदुस्तानी शास्त्रीय गायन' एवढं इंग्रजीत लिहितानाच त्यातली बरीच अक्षरं संपतात. मुख्य निबंधाला साडेसहाशे शब्द मिळतात, पण तो तोवर बाबांच्या स्टेशनवरच्या घड्याळांवर लिहून झाला होता. मग वाटलं, गाणं ऐकवलं तर सांगावंच लागणार नाही.

सल्ले मात्र एकमेकांच्या उलट आले. पुण्यातले एक सल्लागार पैसे घेऊन अर्ज बघून देत. ते म्हणाले, "आहे ना रेकॉर्डिंग? मग पाठवा. जितकं जास्त तितकं चांगलं." एका विद्यापीठाच्या पानावर जवळपास उलट अर्थाचं लिहिलेलं होतं: ज्यांचं काम खरोखर वरच्या दर्जाचं आहे त्यांनीच पाठवावं, साधारण नमुन्याने अर्जाला मदत होत नाही. आमच्या ओळखीतला एक मुलगा तिकडे दुसऱ्या वर्षाला होता. त्याने व्हिडिओ कॉलवर कामाची गोष्ट सांगितली. रेकॉर्डिंग प्रवेशाच्या ऑफिसात कुणी बसून ऐकत नाही. ते संगीत विभागाकडे जातं, तिथले एखादे प्राध्यापक ऐकतात आणि दोन ओळींचा शेरा परत पाठवतात. त्या दोन ओळी तुमच्या अर्जाला जोडल्या जातात.

हे ऐकल्यावर माझा प्रश्नच बदलला. तोवर मी स्वतःला विचारत होते, मी पुरेशी चांगली गाते का? आता विचारायला लागले, ऐकणार कोण?

ही चौकशी मला सगळ्यात उपयोगी पडली, म्हणून जरा सविस्तर सांगते. आधी एक गोंधळ दूर करायला हवा, तो आमच्या घरात सगळ्यांचा झाला होता. संगीतातलीच पदवी घ्यायची असेल, ज्युलियार्डसारख्या ठिकाणी, तर गोष्ट निराळी. तिथे रेकॉर्डिंग हाच अर्जाचा गाभा असतो, त्यावरून पहिली चाळणी लागते आणि मग समोर बसून परीक्षा. तिथे ऐच्छिक काही नाही. मी ज्या वाटेने जात होते त्यात विषय कुठलाही घेता येतो आणि गाणं ही जादाची ओळख. माझ्या मामाने पहिल्या प्रकारची माहिती वाचून दुसऱ्या प्रकाराबद्दल सल्ले दिले आणि आमचा सप्टेंबरचा पहिला आठवडा त्यात गेला.

मग मी ज्यांना अर्ज करणार होते त्या आठही कॉलेजांच्या संगीत विभागांची पानं काढून बसले. कोण शिकवतं, काय शिकवतं, मुलांचे कुठले वाद्यवृंद आहेत. वही घातली आणि प्रत्येक कॉलेजला एक पान दिलं. वाचता वाचता लक्षात आलं की बऱ्याच ठिकाणी या रेकॉर्डिंगांकडे बघण्यामागे एक साधी व्यावहारिक गरजही असते. कॉलेजचा ऑर्केस्ट्रा चालवायचा असतो. यंदा ओबो वाजवणारी मुलगी पदवी घेऊन गेली, व्हायोला कमी पडतात, तर तशी मुलं हवी असतात. ख्याल गाणाऱ्या मुलीची अशी रिकामी खुर्ची कुठेच नव्हती. याचं मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, कारण निदान खरं काय ते कळलं.

दुसरीकडे, काही ठिकाणी आपल्या संगीताला जुनी ओळख आहे. कनेटिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात १९६० च्या दशकापासून कर्नाटक संगीत शिकवलं जातं. कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांनी १९६७ मध्ये काढलेलं कॉलेज आहे; ते पदवीचं कॉलेज नव्हे, पण त्यामुळे तिकडच्या भागात सरोद-तबला कानावरून गेलेले लोक आहेत. माझ्या आठांपैकी तीन कॉलेजांच्या विभागांत असं कुणीतरी सापडलं: एका ठिकाणी भारतीय संगीतावर काम केलेल्या प्राध्यापिका, एका ठिकाणी तबल्याचा वर्ग, एका ठिकाणी जावा बेटातल्या गामेलानचा, म्हणजे तिकडच्या घंटा-थाळ्यांच्या वाद्यांचा वृंद. गामेलानचं नाव वाचून मी थांबले. आपलं संगीत नाही, पण पियानोच्या पट्ट्यांबाहेरचे सूर रोज ऐकणारं कुणीतरी तिथे आहे, एवढं मला पुरेसं वाटलं.

आता रेकॉर्डिंग.

सप्टेंबरच्या शेवटी मी शेजारच्या शहरातल्या एका स्टुडिओत दोन तास घेतले. साडेतीन हजार रुपये आईने दिले. मुलतानी गायचं ठरवलं होतं, कारण त्या वर्षी बाई मला तोच देत होत्या आणि माझ्या हाडीमाशी मुरलेला असा तो एकच राग होता. स्टुडिओतल्या दादाने सगळं मन लावून केलं. चार दिवसांनी फाईल आली. मी ऐकली आणि हरखून गेले. आवाज असा भरदार, गोल. घुमारा असा की देवळाच्या गाभाऱ्यात गातेय असं वाटावं. घरात सगळ्यांनी ऐकली. बाबांनी तर रेल्वेतल्या मित्रांना पाठवूनही दिली.

दुसऱ्या दिवशी बाईंना ऐकवली. बाई ऐकताना उजव्या हाताची बोटं मांडीवर हलक्या ठेक्याने टेकवतात. तिसऱ्या आवर्तनात ती बोटं थांबली. त्यांनी कानातलं काढलं.

"हे कोण गातंय?"

"मीच, बाई."

"आवाज तुझा आहे गं. पण हा गंधार तुझा नाही."

गंधार म्हणजे सा-रे-ग-म मधला ग. मला काहीच कळेना. त्यांनी पुन्हा ऐकलं, मग तानपुरा जवळ ओढला आणि मला गंधार लावायला सांगितलं. तीव्र मध्यमावरून, म्हणजे चढ्या म वरून, खाली येत मी लावला. "हा तुझा," त्या म्हणाल्या. मग फोनकडे बोट दाखवून, "आणि हा पेटीचा."

घरी जाऊन मी त्या दादाला फोन केला. त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, "थोडे सूर साफ केलेत. सगळ्यांचेच करतो." तो बहुतेक भावगीतं, लग्नाची गाणी करायचा, त्याला वाटलं गंधार उतरलाय, त्याने मायेने वर घेतला. त्याच्यावर मी चिडले नाही. त्याच्याकडून मूळ, हात न लावलेली फाईल मागवली आणि दोन्ही फाईली संगणकावर एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. स्वराची उंची रेषेत दिसते त्यात.

ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. सप्तकाचे बाराशे भाग केले की पेटीवरचा कोमल गंधार षड्जापासून, म्हणजे सा पासून, बरोबर तीनशेवर असतो. साफ केलेल्या फाईलमध्ये माझी रेषा तीनशेवर सपाट, पायरीसारखी. मूळ फाईलमध्ये ती तीव्र मध्यमाकडून घसरत यायची, तीनशेच्या वीसेक भाग खाली जायची, तिथे हलायची, परत मध्यमाला स्पर्श करून खाली यायची. मुलतानीत गंधार असाच असतो. नेहमीच्या कोमलाहून उतरलेला आणि मध्यमाच्या झुल्यावरचा. तो सपाट केला की स्वर तेच राहतात, मुलतानी उरत नाही.

आणि मला, नऊ वर्षं शिकलेल्या मुलीला, ते पहिल्या ऐकण्यात कळलं नव्हतं. भरदार आवाजाने मी भुलले होते. हे लिहिताना आजही जिवाला लागतं.

या गावात ही गोष्ट नवी नाही, हेही बाईंनीच सांगितलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं, मोजण्याच्या खटपटीत होते, श्रुतींची पेटी तयार करत होते, आणि त्यांना सूर गाऊन दाखवायला अब्दुल करीम खाँसाहेब होते. आपले सूर पेटीच्या पट्टीत मावत नाहीत हे मोजून दाखवायचा तो प्रयत्न. शंभर वर्षांनी माझा गंधार एका संगणकाने पुन्हा त्याच पट्टीत बसवला होता. भौतिकशास्त्र शिकायला निघालेल्या मुलीला यापेक्षा जवळची गोष्ट कुठली मिळणार?

स्टुडिओची फाईल तिथेच बाद झाली. अर्जाच्या शेवटी सही करावी लागते: सोबत जोडलेलं सगळं माझंच काम आहे आणि प्रामाणिकपणे मांडलेलं आहे. त्या सहीखाली तो गंधार जाऊ शकत नव्हता.

पण आता खरी भीती समोर आली. मूळ गंधार पाठवला आणि ऐकणाऱ्याचा कान पियानोवर घडलेला असला तर? त्याला वाटणार, मुलगी बेसुरी आहे, कोमल गंधार धड लागत नाही. दोन ओळींच्या शेऱ्यात तेवढंच आलं तर? म्हणजे जो स्वर मिळवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, तोच माझ्या विरोधात उभा राहणार. यावर मी कितीतरी रात्री काढल्या. यमन गावा का? शुद्ध स्वर, एक तीव्र मध्यम, कुणालाही सुरेल वाटेल. मी एक दिवस यमनची तयारीही केली. बाईंनी निमूट ऐकलं आणि म्हणाल्या, "गा की यमन. चांगला गातेस. पण कुणाच्या भीतीने राग बदलू नकोस." यमन तिथेच राहिला.

वेळेचा प्रश्न वेगळाच. बहुतेक ठिकाणी एका तुकड्याला चार-पाच मिनिटं, सगळं मिळून दहा. आमच्याकडे विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण ते एक मिनिटाचं. पाच मिनिटांत पाच-सहा आवर्तनं. एवढ्यात षड्ज-निषादातून बाहेरही पडत नाही माणूस! मी बाईंपाशी कुरकूर केली. बाईंनी कपाटावरच्या खाँसाहेबांच्या फोटोकडे बघितलं. "त्यांना तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटं मिळायची. तीन मिनिटांत राग उभा केलाय. तुला पाच मिळतायत."

त्या आठवड्यात आम्ही त्या जुन्या तबकड्यांची रेकॉर्डिंगं पुन्हा पुन्हा ऐकली. ते काय सोडतात हे बाई दाखवत गेल्या. आलापीचा एकेक स्वर घेऊन बसायला वेळ नाही, तर पहिल्या वाक्यातच रागाचा चेहरा दिसतो. मग आम्ही माझी पाच मिनिटं बांधली: आधी अर्धा मिनिट नुसता तानपुरा आणि मंद्र निषादापासून गंधारापर्यंतचा आलाप, मग बंदिशीचा मुखडा, मध्यमाभोवती दोन आवर्तनं, पंचमावर एक, वर तार षड्जाला एकदा जाऊन उतरताना ऋषभ-धैवत दाखवायचे, कारण मुलतानीत ते चढताना येत नाहीत. तानांना जागाच उरली नाही. सल्लागार म्हणाले असते, वेगवान काहीतरी दाखवा, ऐकणारा प्रभावित होतो. दुसऱ्या तुकड्यात द्रुत तीनतालातली चीज होती, त्यात थोड्या ताना आल्या, तेवढ्या पुरेत असं मी ठरवलं.

आता घरीच रेकॉर्ड करायचं होतं, आणि मिरजेत दुपारी शांतता कुठली? रात्री अकरानंतर गल्ली निजते, पण रात्री मुलतानी गायला बाई तयार नव्हत्या आणि खरं सांगायचं तर मीही नव्हते. तो दिवसाच्या चौथ्या प्रहराचा राग, ऊन उतरायला लागतं तेव्हाचा. त्यात दिवाळी तोंडावर. एक नोव्हेंबरला पहिला अर्ज जायचा होता आणि चोवीस ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. वसुबारसेपासूनच फटाके सुरू झाले होते.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, पंचवीस ऑक्टोबरला, खंडग्रास सूर्यग्रहण होतं. आपल्याकडे पाच वाजायच्या सुमारास लागून ग्रहणातच सूर्य मावळणार होता. बाबा म्हणाले, "त्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसेल." तसंच झालं. दुपारनंतर फटाके थांबले, दुकानं अर्धी मिटली, मुलं घरात. कुणाच्या घरी कुकरची शिट्टीसुद्धा होत नव्हती. बाईंच्या सासूबाई ग्रहण पाळायच्या, त्यांना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "ग्रहणात देवाचं नाव घेतातच ना, मग सूर का नको? गा तुम्ही."

बाईंच्या माडीवर भिंतींना गोधड्या टांगल्या. मावसभावाचा हातात मावणारा रेकॉर्डर आणला होता, तो पुस्तकांच्या चळतीवर ठेवला आणि चित्रीकरणासाठी फोन स्टुलावर. पहिल्या चाचणीत डग्गा सगळं गिळून टाकत होता. तबलेवाले काका दोन हात मागे सरकले, मध्ये एक उशी उभी केली, रेकॉर्डर माझ्या छातीच्या उंचीला आणला. याला पाऊण तास गेला, पण हा पाऊण तास स्टुडिओच्या दोन तासांपेक्षा कामाचा होता. तानपुरा कोण धरणार हे ठरलं नव्हतं. माझी मैत्रीण गावाला गेली होती. बाईंनी काही न बोलता गवसणी काढली, खुंट्या पिळल्या, मणी सरकवून सूर मिळवला, तारेखालचा दोरा एका केसाएवढा हलवला आणि जवारी उघडली. मग त्या माझ्या मागे बसल्या. नऊ वर्षांत मी त्यांच्यामागे तानपुरा धरला होता. त्या माझ्यामागे पहिल्यांदाच बसत होत्या.

तीनदा गायले. पहिल्यांदा आवाज दबलेला. दुसऱ्यांदा सगळं जमत असताना स्टेशनकडून इंजिनाचा भोंगा आला, लांबलचक. तिसऱ्यांदा गंधार लागला तेव्हा मागून बाईंचा अगदी बारीक हुंकार आला, तो रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो. चौथ्या आवर्तनात मी समेवर किंचित उशिरा पोचलेय, तेही ऐकू येतं. जोडकाम, कापाकापी काही करायची नव्हती. तिसरं ठेवलं. खाली उतरलो तेव्हा ग्रहण लागलं होतं आणि अंगणातला उजेड पितळेसारखा झाला होता.

शिफारसपत्राबद्दलही सांगायला हवं. रेकॉर्डिंगसोबत संगीतशिक्षकांचं पत्र चालतं. ते विद्यार्थ्याने वाचायचं नसतं, तसा हक्क आपण अर्जात लिहून सोडतो. बाईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी मराठीत सांगायचं, त्यांचा भाचा इंग्रजीत टाईप करून पाठवणार असं ठरलं. एका संध्याकाळी दोघं आत बसले आणि मी बाहेर कट्ट्यावर. दीड तास. बाईंनी मला कधी 'छान' म्हटलेलं मला आठवत नाही. फार बरं वाटलं तर 'हं, पुढे' म्हणतात. त्या दीड तासात आत काय सांगत असतील याचा मी अंदाजही करू शकत नव्हते. मधेच त्यांनी हाक मारली. "अगं, तू पहिल्यांदा आलीस तेव्हा दुसरीत होतीस की तिसरीत?" "तिसरीत, बाई." "बरं. जा." ते पत्र मी आजही वाचलेलं नाही.

शेवटी ठरवलं ते असं. वहीतल्या ज्या तीन कॉलेजांत ऐकणारं कुणी सापडलं होतं, त्या तिघांना रेकॉर्डिंग पाठवायचं. उरलेल्या पाचांना नाही. तिथे गाणं दीडशे अक्षरांत राहील, आणि एके ठिकाणी जादा छोटा निबंध मागितला होता त्यात मी दोन रेषांची गोष्ट लिहिली, सपाट गंधार आणि हलता गंधार. सल्लागारांना हे पटलं नाही. "पाच ठिकाणी संधी सोडतेयस," असं ते म्हणाले. मला तशी ती संधी वाटत नव्हती. ज्याला या गाण्यातलं काय ऐकायचं हेच माहीत नाही, त्याच्या दोन ओळींवर माझा मुलतानी सोपवायला माझं मन तयार झालं नाही. यात थोडा हट्टही असेल. पण तो विचार करून धरलेला होता.

फाईल चढवताना शीर्षकाखाली दोन वाक्यांची जागा असते. तिथे लिहिलं: हा दुपारच्या उत्तरार्धात गायचा राग आहे. यातला गंधार पियानोवरच्या सुरापेक्षा मुद्दाम खाली आणि हलता ठेवलेला आहे. बाईंना मराठीत वाचून दाखवलं. 'मुद्दाम' शब्दावर त्या अडल्या. "मुद्दाम नाही गं. तो तिथेच असतो." मी 'मुद्दाम' काढला आणि लिहिलं, तो तिथे असतो.

पुढे आठांपैकी दोन ठिकाणी पूर्ण मदतीसह प्रवेश मिळाला. एका ठिकाणी रेकॉर्डिंग पाठवलं होतं, एका ठिकाणी नव्हतं. त्यावरून जे वाटेल ते अनुमान कुणी काढू शकेल, मी काढलेलं नाही. जिथे पाठवलं होतं तिथे मी आले.

एकतीस ऑक्टोबरच्या रात्री नऊ वाजता मी पहिला अर्ज पाठवला. मुदत आपल्याच घड्याळाने एक तारखेच्या रात्री बारापर्यंत होती, पण बाबांना शेवटच्या दिवसावर भरवसा नव्हता. आईने देवापुढे साखर ठेवली. मी बाईंना फोन करून सांगितलं, त्या म्हणाल्या, "बरं. उद्या चारला ये."

दुसऱ्या दिवशी चारला गेले. मला वाटलं होतं आता नवीन राग सुरू होईल. बाईंनी तानपुरा माझ्या हातात दिला आणि मुलतानीच लावायला सांगितला. निषाद, षड्ज, मध्यम आणि तिथून गंधार. त्यांनी हात वर केला.

"अजून थोडा खाली," बाई म्हणाल्या. "पुन्हा घे."